अनुदान संपल्यावर काय उरते? : वार्धक्य-संशोधन आणि प्रतिष्ठानांचे साहाय्य (१९३० ते २०२१)

१. प्रस्तावना

विद्याशाखांचा इतिहास लिहिताना सामान्यतः सिद्धान्त, शोध आणि शास्त्रज्ञ यांचा विचार होतो. त्या शोधांसाठी द्रव्य कोणी पुरविले, ते मागताना प्रश्न कोणत्या शब्दांत मांडला गेला आणि द्रव्याचा ओघ थांबल्यावर त्या कार्याचे काय झाले, हे मुद्दे बहुधा तळटीपेत जातात. वार्धक्यशास्त्राच्या बाबतीत मात्र ही तळटीपच मुख्य मजकुरात आणावी लागते. ‘जेरॉन्टॉलॉजी’ हा शब्द पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी १९०३ मध्ये रूढ केला. न्यूयॉर्कमधील वैद्य इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ मध्ये ‘जेरिअॅट्रिक्स’ हा शब्द योजिला. नाव मिळाले, परंतु नावाबरोबर विद्यापीठीय विभाग, प्रयोगशाळा किंवा स्थिर निधी मिळाला नाही. वार्धक्य हा विषय जीवशास्त्राचा, वैद्यकाचा, मानसशास्त्राचा, अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचाही होता. म्हणूनच तो कोणत्याच विभागाचा नव्हता. ही पोकळी प्रथम भरून काढली ती खासगी प्रतिष्ठानांनी.

प्रस्तुत निबंधात अमेरिका, इंग्लंड व भारत या तीन देशांतील काही निवडक उदाहरणांच्या आधारे या साहाय्याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. आढाव्यामागील प्रश्न एकच आहे : अनुदानाची मुदत संपल्यावर मागे काय उरले? अनुदानाची रक्कम किती होती यापेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि संशोधन प्रस्ताव लिहिणाऱ्या आजच्या महाविद्यालयीन प्राध्यापकासही तो तितकाच लागू पडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

२. मेसी प्रतिष्ठान : इमारतींऐवजी विचारांची रचना

केट मेसी लॅड यांनी १९३० मध्ये आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्क येथे जोसिया मेसी ज्युनिअर प्रतिष्ठानाची स्थापना केली. प्रारंभीची देणगी ५० लाख डॉलरची होती. रॉकफेलर किंवा कार्नेजी यांच्या तुलनेत ही संपत्ती अल्पच म्हणावी लागेल. या मर्यादेची जाणीव स्थापनापत्रातच दिसते. अनेक उपक्रमांना थोडे थोडे साहाय्य करण्याऐवजी मोजक्या प्रश्नांवर लक्ष केंद्रित करावे, आणि इमारती व प्रयोगशाळांच्या रचनेपेक्षा विचारांच्या रचनेत अधिक रस घ्यावा, अशी अपेक्षा देणगीदार बाईंनी त्यात व्यक्त केली होती.

प्रतिष्ठानाचे पहिले अध्यक्ष डॉ. लुडविग कास्ट यांना धमनीकाठिण्याच्या विकारात विशेष रस होता. प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९३३ मध्ये या विकारावर एक बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे संपादन सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील पेशीशास्त्रज्ञ एडमंड व्हिन्सेंट काउड्री यांनी केले. काउड्री मूळचे कॅनडाचे. रॉकफेलर निधीवर चालणाऱ्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी काम केले होते. प्रतिष्ठानांची कार्यपद्धती त्यांना आतून ठाऊक होती. धमन्यांचा अभ्यास करताना एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला : धमन्या कठीण होणे हा रोग मानावा की वयाचा स्वाभाविक परिणाम? एका विकाराविषयीच्या या प्रश्नातून संपूर्ण वार्धक्याचा प्रश्न उभा राहिला.

१९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथे वार्धक्याच्या प्रश्नांवर एक परिषद भरली. तिचा खर्च मेसी प्रतिष्ठानाने उचलला. या परिषदेतून १९३९ मध्ये ‘प्रॉब्लेम्स ऑफ एजिंग’ हा काउड्री-संपादित ग्रंथ सिद्ध झाला. त्याची प्रस्तावना तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी लिहिली. लेखकांची यादी पाहिली असता या प्रकल्पाचे स्वरूप ध्यानात येते. वनस्पतींच्या वार्धक्यावर विल्यम क्रॉकर, एकपेशीय प्राण्यांवर हर्बर्ट जेनिंग्ज, शरीरांतर्गत समतोलावर वॉल्टर कॅनन, मानसिक बदलांवर वॉल्टर माइल्स, मानवी संस्कृतींवर क्लार्क विस्लर आणि आयुर्मानाच्या सांख्यिकीवर लुई डब्लिन अशा भिन्न क्षेत्रांतील अभ्यासकांना एका ग्रंथात आणणे कोणत्याही एका विद्यापीठीय विभागाच्या आवाक्यातले नव्हते. प्रतिष्ठानाचे उपाध्यक्ष लॉरेन्स फ्रँक यांचा आग्रह असा होता की वार्धक्याचा प्रश्न एकाच शास्त्राच्या चौकटीत सुटणार नाही. आज ज्याला आपण बहुविद्याशाखीय दृष्टिकोन म्हणतो तो येथे निधीची अट म्हणून अवतरला, ही बाब लक्षणीय आहे.

काळाची पार्श्वभूमीही विसरता येणार नाही. महामंदीने वृद्धांचे हाल चव्हाट्यावर आणले होते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत ६५ हे वय निवृत्तिवेतनाशी जोडले. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मके व त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारातील उष्मांक मर्यादित ठेवल्यास उंदरांचे आयुष्य वाढते असे दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. वार्धक्य अटळ असले तरी त्याची गती बदलता येते, ही कल्पना प्रयोगाच्या पातळीवर आली. समाजाची निकड आणि प्रयोगशाळेतील शक्यता एकत्र आल्या. त्या दोन्हींना जोडणारा दुवा मेसी प्रतिष्ठानाने पुरविला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या अनुदानातून काय उरले? पहिली गोष्ट म्हणजे ग्रंथ. १९४२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. दुसरी गोष्ट म्हणजे संशोधकांचे संघटन. १९४५ मध्ये जेरॉन्टॉलॉजिकल सोसायटी विधिवत स्थापन झाली आणि १९४६ मध्ये तिचे ‘जर्नल ऑफ जेरॉन्टॉलॉजी’ सुरू झाले. या नियतकालिकाच्या आरंभासही मेसी प्रतिष्ठानाचे साहाय्य लाभले. तिसरी आणि सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे शासनाच्या आरोग्य सेवेत १९४० मध्ये स्थापन झालेले वार्धक्यशास्त्राचे लहानसे पथक. त्यासाठीही प्रारंभिक निधी मेसी प्रतिष्ठानाने दिला. एडवर्ड स्टीग्लिट्झ हे या पथकाचे पहिले प्रमुख होत. १९४१ च्या अखेरीस नेथन शॉक यांनी त्यांची जागा घेतली आणि बाल्टिमोरच्या नगर रुग्णालयात हे कार्य पुढे अनेक दशके चालविले. १९५८ मध्ये सुरू झालेला बाल्टिमोर दीर्घकालीन वार्धक्य अभ्यास याच पथकाचे फलित होय. निरोगी स्वयंसेवकांची वर्षानुवर्षे पुनःपुन्हा तपासणी करण्याची पद्धत त्यातून रुजली. प्रतिष्ठानाने बीज दिले. ते शासकीय संस्थेच्या भूमीत पडले म्हणून त्याचा वृक्ष झाला.

अर्थात या अभ्यासाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. पहिली वीस वर्षे त्यात केवळ पुरुष होते. स्त्रियांचा समावेश १९७८ मध्ये झाला. वार्धक्याचे ‘सामान्य’ चित्र म्हणून जे मांडले गेले ते निम्म्या मानवजातीला वगळून काढलेले होते. प्रश्नाची आखणी करताना कोण सुटले, हे निधी देणाऱ्याने विचारले नाही आणि मागणाऱ्यानेही सांगितले नाही.

३. नफिल्ड प्रतिष्ठान : सेवेचा वारसा टिकला, प्रयोगशाळा मिटली

इंग्लंडमध्ये या विषयाचा ध्यास घेतला तो व्लादिमिर कोरेन्चेव्स्की या रशियन निर्वासित शास्त्रज्ञाने. लंडनच्या लिस्टर संस्थेत कार्यरत असताना त्यांनी १९३९ मध्ये वार्धक्य-संशोधनाची ब्रिटिश संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या कार्यास मोटार उद्योजक लॉर्ड नफिल्ड यांनी साहाय्य केले. १९४३ मध्ये लॉर्ड नफिल्ड यांनी १ कोटी पौंडांची देणगी देऊन नफिल्ड प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या उद्दिष्टांमध्ये वैद्यकीय व सामाजिक संशोधनाबरोबरच गरीब वृद्धांची काळजी व सुखसोय यांचा स्वतंत्र उल्लेख होता.

या उद्दिष्टातून दोन प्रवाह निघाले. पहिला प्रवाह सामाजिक पाहणीचा. सीबोहम राउंट्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा ‘ओल्ड पीपल’ हा अहवाल १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वृद्धांच्या देखभालीसाठी एक राष्ट्रीय महामंडळ प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने अस्तित्वात आले. दुसरा प्रवाह प्रायोगिक संशोधनाचा. केंब्रिज येथे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या छत्राखाली १९४६ मध्ये वार्धक्याच्या प्रश्नांचे संशोधन करणारे नफिल्ड पथक सुरू झाले. ॲलन वेलफर्ड हे त्याचे प्रमुख होते. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये मनुष्यबळाची टंचाई होती. वयस्क कामगारांना कारखान्यांत अधिक काळ कामावर ठेवता येईल काय, असा व्यावहारिक प्रश्न त्यामागे होता. वेलफर्ड यांच्या पथकाने कौशल्याच्या कामांचे बारकाईने निरीक्षण केले. वय वाढते तसा वेग मंदावतो, परंतु अचूकता आणि कामाची पद्धत बदलून ही उणीव पुष्कळदा भरून काढली जाते, हे त्यांनी दाखविले. या संशोधनाचे सार १९५८ मध्ये ‘एजिंग अँड ह्यूमन स्किल’ या ग्रंथात आले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अलेक्स कम्फर्ट यांना नफिल्ड अधिछात्रवृत्ती मिळाली आणि त्यांचा ‘द बायॉलॉजी ऑफ सेनेसन्स’ हा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला. ज्ञानदृष्ट्या ही मोठी प्राप्ती होती. परंतु केंब्रिजचे पथक १९५६ मध्ये बंद झाले. ते विद्यापीठाने आपल्या कायम रचनेत सामावून घेतले नाही, शासनानेही स्वीकारले नाही. पथकातील अभ्यासक अन्य विषयांकडे व अन्य ठिकाणी गेले. ग्रंथ उरला, पण ग्रंथानंतरचे संशोधन करणारी शाळा उरली नाही. याउलट १९४७ चे महामंडळ टिकले. १९८० मध्ये त्याचे रूपांतर वार्धक्यविषयक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रात झाले. एकाच प्रतिष्ठानाच्या दोन अनुदानांचे हे दोन भिन्न शेवट आहेत. ज्याला स्वतंत्र संस्थात्मक देह मिळाला ते जगले; जे यजमान विद्यापीठाच्या दाराशी पाहुणे म्हणून राहिले ते मुदतीबरोबर संपले.

४. कॅन्सस सिटी : सिद्धान्त मावळला, नोंदी उरल्या

सामाजिक वार्धक्यशास्त्रातील एक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे १९५० च्या दशकात शिकागो विद्यापीठातील अभ्यासकांनी कॅन्सस सिटी येथे केलेले प्रौढ जीवनाचे अभ्यास. रॉबर्ट हॅविगहर्स्ट, विल्यम हेन्री व बर्निस न्यूगार्टन ही त्यातील प्रमुख नावे. आरंभी कार्नेजी कॉर्पोरेशनने निधी दिला. नंतर शासनाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने पुढील टप्प्याचा भार उचलला. येथेही खासगी निधीकडून सार्वजनिक निधीकडे संक्रमण झाले म्हणूनच वृद्धांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेणे शक्य झाले.

या सामग्रीच्या आधारे एलेन कमिंग व विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये ‘ग्रोइंग ओल्ड’ या ग्रंथात असे मांडले की वृद्ध व्यक्ती व समाज परस्परांपासून क्रमशः अलग होतात आणि ही प्रक्रिया दोघांनाही हितकारक असते. या मांडणीवर प्रखर टीका झाली. विशेष म्हणजे त्याच सामग्रीचा अभ्यास करून हॅविगहर्स्ट व न्यूगार्टन वेगळ्या निष्कर्षाप्रत आले. वृद्धत्वाचे समाधान माणसाच्या व्यक्तिमत्त्वानुसार भिन्न मार्गांनी साधते, असे त्यांचे म्हणणे होते. अनुदानाने एखादा सिद्धान्त विकत घेता येत नाही. परंतु नीट जतन केलेल्या नोंदी मात्र पुढच्या वादालाही उपयोगी पडतात. सिद्धान्ताची सद्दी दहा-पंधरा वर्षांत ओसरली, पण ज्या पुराव्यावर तो तपासला गेला तो पुरावा त्याच्या विरोधकांनाही उपलब्ध होता. अनुदानाच्या फलिताचे हे एक शुद्ध रूप होय.

५. राष्ट्रीय वार्धक्य संस्था आणि नंतरची प्रतिष्ठाने

अमेरिकेत वार्धक्य-संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था असावी ही मागणी सहजासहजी मान्य झाली नाही. १९६३ मध्ये बालआरोग्य व मानवी विकासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली तेव्हा वार्धक्याचा कार्यक्रम तिच्यात समाविष्ट केला गेला. बालकांच्या संस्थेत वृद्धांना मिळालेली जागा अर्थातच दुय्यम होती. १९७२ मध्ये स्वतंत्र संस्थेचे विधेयक काँग्रेसने संमत केले, परंतु राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यास मान्यता नाकारली. अखेर १९७४ मध्ये वार्धक्य संशोधन कायदा झाला आणि राष्ट्रीय वार्धक्य संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले संचालक डॉ. रॉबर्ट बटलर यांनी १९७६ मध्ये सूत्रे स्वीकारली. वयावरून होणाऱ्या भेदभावासाठी ‘एजिझम’ हा शब्द रूढ करणारे हेच बटलर होत.

बटलर यांच्यापुढील अडचण प्रस्तावलेखनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘वार्धक्याच्या मूलभूत प्रक्रियांचे आकलन’ या नावाखाली लोकप्रतिनिधींकडून निधी मिळविणे कठीण होते. लोक रोगाविरुद्ध लढण्यासाठी पैसा देतात, वयाविरुद्ध नव्हे. म्हणून त्यांनी अल्झायमर रोग हा संस्थेच्या कार्यक्रमाचा अग्रभाग केला. ही चाल यशस्वी झाली आणि त्या रोगाविषयीच्या संशोधनास वेग आला. परंतु काउड्री यांच्या काळी उपस्थित झालेला ‘रोग की स्वाभाविक परिणाम’ हा प्रश्न या निवडीने एका बाजूला झुकविला. वृद्धाचे एकाकीपण, निवाऱ्याचा प्रश्न, कुटुंबातील स्थान हे विषय रोगाच्या भाषेत मांडता येत नाहीत; त्यामुळे निधीच्या स्पर्धेत ते मागे पडतात. अर्जाची भाषा हळूहळू ज्ञानाची भाषा होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शासकीय संस्था उभी राहिल्यावर खासगी प्रतिष्ठानांची भूमिका बदलली. शासन पुरेसा पूर्वपुरावा असलेल्या प्रस्तावांना प्राधान्य देते. नवख्या संशोधकाजवळ असा पुरावा नसतो. ही दरी भरून काढण्याचे काम प्रतिष्ठानांनी स्वीकारले. पॉल ग्लेन यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेले प्रतिष्ठान वार्धक्याच्या जीवशास्त्राला वाहिलेले होते. हृदयरोगतज्ज्ञ अर्व्हिंग राइट यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन फॉर एजिंग रिसर्च या संस्थेने तरुण संशोधकांना प्रारंभिक अनुदाने देण्यावर भर दिला. किराणा व्यापारातून उभ्या राहिलेल्या जॉन हार्टफर्ड प्रतिष्ठानाने १९८० च्या दशकापासून वृद्धांच्या वैद्यकातील अध्यापक घडविण्याकडे लक्ष वळविले.

याच परंपरेत १९९७ मध्ये सॉफ्टवेअर उद्योजक लॅरी एलिसन यांच्या देणगीतून एलिसन वैद्यकीय प्रतिष्ठान आले. नोबेल पारितोषिक विजेते जोशुआ लेडरबर्ग यांचे त्यास मार्गदर्शन होते. नवोदित व ज्येष्ठ अशा दोन्ही श्रेणींतील संशोधकांना चार-चार वर्षांची अनुदाने देण्याची त्याची पद्धत होती. प्रस्ताव संक्षिप्त, अटी सैल आणि धाडसी कल्पनांना उत्तेजन यांमुळे जीवशास्त्रज्ञांत हे प्रतिष्ठान प्रिय झाले. परंतु २०१३ मध्ये नवीन अनुदाने देणे थांबविण्यात आले. देणगीदाराचा अग्रक्रम बदलला की एका संपूर्ण क्षेत्रातील निधीचा स्रोत आटतो, हे या घटनेने पुन्हा दाखविले. तरीही ज्या संशोधकांना तोपर्यंत साहाय्य मिळाले होते, त्यांच्यातील अनेकांनी सार्वजनिक निधीतून कार्य पुढे नेले. येथे उरली ती माणसे.

६. भारतीय संदर्भ : देवनार ते श्रीनिवासपूर

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. या प्रचंड समूहाविषयी पद्धतशीर ज्ञान निर्माण करण्याचे प्रयत्न मात्र उशिरा झाले, आणि त्यांतही प्रतिष्ठानांच्या साहाय्याचा धागा स्पष्ट दिसतो.

मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. तिच्या स्थापनेत भारत सरकार व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्याबरोबर सर दोराबजी टाटा न्यासाचा सहभाग होता. त्या काळी चिंता वाढत्या जन्मदराची होती. वृद्धांचा प्रश्न कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. परंतु याच संस्थेने सहा दशकांनंतर भारतातील दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाचे नेतृत्व केले. २०१७-१८ मध्ये झालेल्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील ७२,२५० व्यक्तींची पाहणी झाली. त्यांपैकी ३१,४६४ व्यक्ती साठ वर्षांवरील होत्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था व संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी यांनी आर्थिक साहाय्य केले आणि अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे १९५६ मध्ये न्यासाने जे दिले त्याचे फळ देणाऱ्यांच्या कल्पनेतही नसलेल्या विषयात मिळाले. न्यासाने एका प्रकल्पाला नव्हे तर संस्थेला आणि मनुष्यबळाच्या शिक्षणाला साहाय्य केले होते, हे त्याचे कारण होय. तसेच मेसी प्रतिष्ठानाच्या छोट्या अनुदानापासून सुरू झालेली परंपरा राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या मार्गे देवनारपर्यंत पोहोचली, असाही एक धागा येथे जोडता येतो.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील वढू येथील आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने या परिसरातील गावांत २००२ पासून लोकसंख्येची नियमित नोंदवही ठेवली : जन्म, मृत्यू, स्थलांतर. जागतिक आरोग्य संघटनेचा वार्धक्य व प्रौढ आरोग्याचा बहुराष्ट्रीय अभ्यास आखला गेला तेव्हा आशिया व आफ्रिकेतील ज्या मोजक्या ग्रामीण क्षेत्रांची निवड झाली त्यांत वढूचा समावेश होता. मोठा निधी वढूला आला तो वढूच्या नावलौकिकामुळे नव्हे. घरोघर जाऊन ठेवलेल्या साध्या नोंदी तेथे आधीच तयार होत्या म्हणून.

तिसरे उदाहरण कर्नाटकातील. क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा न्यासाने २०१४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्रासाठी २२५ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. या केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर येथील ग्रामीण प्रौढांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. भारतीय प्रतिष्ठानाने वार्धक्य-संशोधनास इतक्या मोठ्या प्रमाणावर व दीर्घ मुदतीसाठी निधी देण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे. मात्र तेथेही प्रवेशद्वार मेंदूविकाराचे आहे, सामाजिक वार्धक्याचे नव्हे.

या असमतोलाला कायद्याचीही पुष्टी मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चासाठी वृद्धाश्रम, दिवसकालीन देखभाल केंद्रे व ज्येष्ठ नागरिकांसाठी तत्सम सुविधा यांचा स्पष्ट निर्देश आहे. संशोधनाविषयीची तरतूद मात्र विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या क्षेत्रांपुरती आहे. याचा अर्थ असा की वृद्धाश्रमाला पंखे देणे सुलभ आहे, परंतु त्या आश्रमात माणसे का येतात याचा समाजशास्त्रीय अभ्यास करण्यासाठी त्याच कंपनीकडे निधी मागणे दुष्कर आहे. परदेशी प्रतिष्ठानांच्या बाबतीत परकीय योगदान नियमन कायद्याची चौकट आहे. २०२० च्या दुरुस्तीनुसार अशी देणगी मिळालेल्या संस्थेस ती दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेने निधी आणावा व त्यातील लहान वाटा जिल्ह्यातील महाविद्यालयाला द्यावा, हा पूर्वीचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

७. महाविद्यालयीन संशोधकासाठी तात्पर्य

वरील इतिहासातून प्रस्तावलेखनाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष कालमर्यादेचा. प्रतिष्ठानाचे अनुदान आरंभासाठी असते. ते तीन वर्षांचे असो वा दहा वर्षांचे, ते संपणार हे गृहीत धरूनच योजना आखावी लागते. केंब्रिजच्या पथकाने उत्तम संशोधन केले, पण त्याला वारस नव्हता. म्हणून प्रस्तावातील अंदाजपत्रकाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे मुदतीनंतर ही सामग्री, हे प्रशिक्षित विद्यार्थी व ही जबाबदारी कोणाकडे जाणार, याचे उत्तर. हे उत्तर महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाने लेखी द्यावयास हवे. केवळ प्रमुख संशोधकाच्या उत्साहावर ते अवलंबून ठेवता कामा नये.

दुसरा निष्कर्ष पूर्वतयारीचा. वढूच्या नोंदवहीने दाखविल्याप्रमाणे निधी बहुधा तेथे जातो जेथे काही काम आधीच झालेले असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या दत्तक गावातील वृद्धांची साधी यादी, त्यांचे वय निश्चित करण्याची पद्धत, स्थलांतरित मुलांची माहिती, निवृत्तिवेतन मिळते की नाही याची नोंद ही कामे मोठ्या अनुदानाशिवायही करता येतात. ग्रामीण भागात वयाचा लेखी पुरावा अनेकदा नसतो. दुष्काळ, पूर, धरणामुळे झालेले विस्थापन अशा स्थानिक घटनांच्या आधारे वय ठरविण्याची पद्धत जिल्ह्यातील अध्यापकाला जितकी साधेल तितकी दूरच्या संस्थेला साधणार नाही. प्रस्तावात ही जमेची बाजू ठळकपणे मांडली पाहिजे. अर्थात अशा नोंदी घेताना संबंधितांची संमती व माहितीची गोपनीयता ही पहिली अट होय.

तिसरा निष्कर्ष भाषेचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. प्रतिष्ठानाच्या अग्रक्रमानुसार प्रश्नाची मांडणी करणे व्यवहारतः अटळ असते. बटलर यांनाही ते करावे लागले. परंतु त्या मांडणीत कोण सुटले, याची जाणीव ठेवणे संशोधकाचे कर्तव्य आहे. बाल्टिमोरच्या अभ्यासातून स्त्रिया सुटल्या. आपल्याकडे कोणी सुटू नये असे वाटत असेल तर ऊसतोड कामगार, परित्यक्ता व विधवा वृद्धा, भूमिहीन मजूर, शहरात मुलाकडे राहावयास गेलेले व तेथे अनोळखी झालेले आईवडील यांची नावे प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच यावयास हवीत. ज्यांचा उल्लेख प्रस्तावात नाही, त्यांचा उल्लेख अहवालात क्वचितच येतो.

८. समारोप

वार्धक्य-संशोधनाच्या या सुमारे नऊ दशकांच्या इतिहासात प्रतिष्ठानांचे द्रव्य शासनाच्या तुलनेत नेहमीच अल्प होते. तरीही त्याचा प्रभाव मोठा पडला, कारण ते जेथे कोणी जात नव्हते तेथे प्रथम गेले. मात्र एकट्या प्रतिष्ठानाच्या बळावर काहीच टिकले नाही. वुड्स होलच्या परिषदेमागे शासकीय पथक उभे राहिले, कार्नेजीच्या निधीमागून सार्वजनिक निधी आला, टाटा न्यासाच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था शासनाने सांभाळली. तेथे कार्य वाढले. जेथे अशी साथ मिळाली नाही तेथे ग्रंथालयात एक चांगला ग्रंथ उरला. ग्रंथाचे मोल कमी नाही. परंतु वार्धक्य ही सतत बदलत राहणारी सामाजिक वस्तुस्थिती आहे आणि एका ग्रंथाने तिचे आकलन पुरे होत नाही. संशोधनासाठी द्रव्य मागणाऱ्या अध्यापकाने म्हणूनच आपल्या प्रस्तावात एक प्रश्न स्वतःहून उपस्थित करावा व त्याचे उत्तरही द्यावे : हे अनुदान संपेल त्या दिवशी आमच्या महाविद्यालयात, आमच्या विद्यार्थ्यांत आणि ज्यांचा आम्ही अभ्यास केला त्या वृद्धांच्या गावात काय शिल्लक असेल?